तिसऱ्या फळीवरचा रंग

१

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला गुरुपादप्पांच्या माळवदी घरातून धूर निघाला, तेव्हा गल्लीतलं झाडून सारं माणूस टँकरपुढं रांगेत उभं होतं. शहाऐंशी सालचा मे महिना. लातूर जिल्हा होऊन पुरती चार वर्षं झाली नव्हती आणि पाऊस रुसून दोन वर्षं होत आली होती. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या पुष्कळ मिळाल्या, इमारती मात्र मिळाल्या नाहीत. म्हणून एका खात्यानं आपलं जुनं दप्तर गुरुपादप्पांच्या घरातली मधली खोली भाड्यानं घेऊन तिथं ठेवलं होतं. धूर निघाला तो त्याच खोलीतून.

पहारेकरी माणिकप्पा घागर टाकून पळत आला. कुलूप तोडून त्यानं वाळूच्या बादल्या ओतल्या. वीस मिनिटांत आग विझली. माणूस कुणी मेलं नाही. पण तिसऱ्या फळीवरचे नऊ बस्ते राख झाले होते. बस्ते म्हणजे लाल कापडात करकचून बांधलेले सरकारी कागद. निलंग्याकडच्या एका गावाची विहीर गावकीची की पाटलाची, याचा एकमेव कागदी पुरावा त्या नवातल्या एका बस्त्यात होता, आणि सोमवारी त्याची नक्कल गावाला मिळायची होती.

आता चमत्कार असा, की त्या खोलीतल्या सगळ्या लाकडाला सहाच महिन्यांपूर्वी आगीपासून वाचवणारा रंग दिलेला होता. मुंबईचा, महागाचा. सरकारी कागद जपायचे म्हणून खास मंजुरी काढून आणलेला. मोठे साहेब आले, त्यांनी मांडणीवरून बोट फिरवलं. रंग जागोजाग फुगून त्याचा करपट फेस झालेला होता आणि बोट लावताच कुसकरत होता. साहेब म्हणाले, हा कसला आगरोधक रंग, ही तर भेसळ. संध्याकाळच्या आत रंगारी शिवलिंग ठाण्यात होता.

नांदेडचे शेषेराव आले ते बुधवारी, आणि तेही फक्त सही करायला.

२

शेषेराव बांधकामावरचे जुने ओव्हरसियर. नोकरीचे चार महिने उरलेले, डावा गुडघा कामातून गेलेला, आणि गेलं वर्षभर मुखेड, बिलोली, हिमायतनगर असं कोरडे तलाव मोजत फिरून जीव नुसता विटलेला. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी जागी पाठवायला माणूस मिळेना म्हणून त्यांना या रंगाच्या तीन दिवसांच्या शिक्षणाला धाडलं होतं. मराठवाड्यात या रंगाबद्दल काही कळणारा माणूस म्हणून कागदोपत्री त्यांचंच नाव निघालं. दैव म्हणतात ते हेच. एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर प्रवासाची इतकी धूळ होती, की हमालानंही हाक मारली नाही.

कचेरीत अहवाल तयारच होता. ‘रंग भेसळीचा असल्याने आग पसरली,’ खाली शेषेरावांच्या नावाची जागा मोकळी. दप्तराचे कारकून हणमंतराव यांनीच तो आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवला होता. सही ठोका, जेवा आणि चारची गाडी धरा, असा साधा हिशेब. शेषेरावांनी पेन काढलंसुद्धा. गुडघा ठणकत होता आणि चारची गाडी चुकली तर पुढची थेट सहाला होती.

दारात एक बाई उभी होती. शरणम्मा, शिवलिंगाची बायको. चार दिवस ती या दारातून त्या दारात उभी राहत होती आणि कुणी तिला बस म्हटलं नव्हतं, जा म्हटलं होतं. ती रडली नाही, पाया पडली नाही.

“साहेब,” ती म्हणाली, “सही करायच्या आधी एकदा खोली तरी बघा. माझ्या मालकानं त्या रंगात पाणीसुद्धा जास्तीचं घातलं न्हाई. घालायला पाणी व्हतं कुठं?”

शेषेरावांना हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मनात म्हणाले, झालं, आता सहाची गाडी.

३

खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचा थकवा क्षणभर मागं सरला. जळकट वास होता, जमिनीवर वाळू आणि राख होती. पण वर माळवदाच्या सागवानी तुळया धड होत्या. मांडणी उभी होती. खोली दोन करणारी लाकडी आडभिंत उभी होती. कागदानं गच्च भरलेली खोली पेटली आणि लाकूड जागेवर उभं, हे चार दिवसांत कुणाच्याच डोळ्यात कसं आलं नाही? लोकांना जळालेलं दिसतं, वाचलेलं दिसत नाही.

त्यांनी माणिकप्पाला व्हरांड्यातला चहाचा स्टोव्ह आणायला सांगितला. आडभिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता, तो कडेनं करपला होता. शेषेरावांनी तो उचलला. मागं नकाशाएवढा चौकोन पांढरा स्वच्छ, रंग जसाच्या तसा. तिथली एक ढलपी चाकूनं काढून त्यांनी चिमट्यानं स्टोव्हच्या जाळावर धरली. पाहता पाहता रंग पुरीसारखा टम्म फुगला, काळवंडला, आणि तसाच राहिला. मिनिटभरानं त्यांनी फेस खरवडला. आतलं लाकूड पिवळंधमक.

“हा फुगतो म्हणूनच वाचवतो,” ते माणिकप्पाला म्हणाले. “फुगला म्हणजे बिघडला न्हाई. फुगला म्हणजे कामाला आला.”

माणिकप्पानं कपाळाला हात लावला. म्हणजे ज्या खुणेवरून शिवलिंगाला धरलं, तीच खूण त्याच्या इमानदारीची होती.

खरं म्हणजे शेषेरावांचं काम इथं संपलं होतं. रंग अस्सल, एवढं लिहून गाडी धरता आली असती. पण मोठ्या साहेबांना कुणीतरी दोषी हवाच होता. आग लागली कशानं याचा उलगडा झाला नसता, तर रंग नाही तर रंगाऱ्याची विडी म्हणून शिवलिंगाचीच मान पुन्हा पुढं ओढली असती. शेषेराव चरफडत मांडणीकडं वळले. पहिल्या फळीवरचे, दुसऱ्या फळीवरचे बस्ते कडेनं कोळसा झाले होते, पण आत शाबूत होते. घट्ट बांधलेला कागद सहजी जळत नाही. त्यांनी एकेक बस्ता उचलला. प्रत्येकाखाली पांढरा चौकोन होता, नकाशामागं होता तसाच.

मग त्यांनी तिसऱ्या फळीवरची राख हातानं सारली. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी फुगलेली होती. नऊ बस्त्यांचा एकही चौकोन तिच्यावर नव्हता.

४

आग लागली तेव्हा त्या फळीवर बस्ते नव्हतेच. होती ती सुटी रद्दी, आणि ती तिथंच पेटवलेली. एवढं लख्ख कळलं आणि शेषेरावांना आणखीच दमल्यासारखं झालं. कारण आता माणसं विचारणं आलं.

खोलीच्या किल्ल्या दोन. एक हणमंतरावांकडं, दुसरी घरमालकाकडं. कुलूप माणिकप्पानं तोडलं तोवर शाबूत होतं, त्यामुळं उडी मारून कुणी आत आलं ही गोष्ट नको.

घरमालक गुरुपादप्पा अडतीवर बसलेले सापडले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर तुरीचा नमुना. ते खोली रिकामी करून मागत होते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्यांनीही ते लपवलं नाही. मुलाचं लग्न होतं, खोली हवी होती. पण आपल्याच घराला कोण काडी लावील, असा त्यांचा सवाल. किल्ली म्हणाल तर ती त्यांची आई दानम्मा हिच्या कमरेला, आणि म्हातारी शनिवारी दुपारभर टँकरपाशी सगळ्यांशी भांडत होती. साक्षीला अख्खी गल्ली. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तरी शेषेरावांनी गुरुपादप्पांवरची नजर काढली नाही. ज्याला खोली हवी आहे, त्याला आग सोयीची असतेच.

माणिकप्पाची पाळी आली तेव्हा तो स्वतःहून बोलू लागला. दोन वाजता कचेरी सुटली, हणमंतरावांनी कुलूप लावलं, तो व्हरांड्यात बसला. तीनला टँकरचा भोंगा झाला आणि तो घागर घेऊन गेला. पहारा सोडून गेलो हा माझा गुन्हा, म्हणाला, पण घरी तीन लेकरं अन् घागर एक, मी तरी काय करू. चहाचा स्टोव्ह मात्र जाताना विझलेला होता, लिंगाची शपथ.

शेषेरावांनी त्याला एकच विचारलं, खोलीत रोज असणाऱ्या वस्तूंतलं काय दिसत नाही. माणिकप्पा दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मांडणी, टेबल, पाण्याचा माठ, नकाशा. मग त्याची नजर आडभिंतीवर नकाशाशेजारच्या एका मोकळ्या खिळ्यावर अडली.

“देवी न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “तुळजाभवानीची तसबीर व्हती इथं. शनिवारी सकाळी मीच उदबत्ती लावलो की.”

५

तसबीर जळाली असती तर खाली काच पडली असती. वाळू-राख चाळून पाहिली, काचेचा तुकडा निघाला नाही. आणि खिळ्याखालचा रंग? नकाशामागं पांढरा चौकोन होता. देवीमागं नव्हता. तिथं रंग सगळीकडं सारखा फुगलेला होता. म्हणजे आगीच्या आधीच देवी खिळ्यावरून उतरलेली होती.

शेषेराव माठाशेजारी पायरीवर बसले. चोर देवाची तसबीर कशाला उतरवील? पाटलाचा माणूस आला असता तर बस्ता घेऊन पळाला असता. घर पेटवणाऱ्याला देवीचं काय? पण आपल्याकडं एक जात अशी आहे, की ती खोटं बोलेल, लाच खाईल, शेजाऱ्याचा बांध कोरील, पण देवाचा फोटो असलेलं जुनं कॅलेंडर चुलीत घालणार नाही. काडी ओढण्याआधी देवीला खाली घ्यायचं, हे ज्याला सुचलं त्याला पाप कळत होतं. तो बाहेरचा नव्हता. त्या देवीला रोज हात जोडणाराच होता.

तसबीर कोणी आणली होती, असं त्यांनी विचारलं. माणिकप्पा म्हणाला, हणमंतरावांनी. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून बदलून आले तेव्हा दप्तराबरोबर आणलेली. त्यांची कुलदेवता.

हणमंतरावांनी तर सकाळी अहवाल पुढं सरकवताना उसासा टाकून सांगितलं होतं, की देवसुद्धा वाचला नाही हो, साहेब.

शेषेरावांना तो माणूस आवडला होता. जुने मोडीतले, उर्दूतले कागद न अडखळता वाचणारा, चहा बशीत ओतून आधी पाहुण्याला देणारा. ते उठले आणि गुडघ्याला शिव्या देत हणमंतरावांच्या बिऱ्हाडाकडं निघाले. ते घरी नव्हते. बायको कस्तुराबाईंनी दार उघडलं आणि त्या दिवसांत लातुरात जे फार मोठं आदरातिथ्य होतं ते केलं, अर्धा तांब्या पाणी पुढं ठेवलं.

देवघरात तुळजाभवानीची मोठी तसबीर होती. शेषेरावांनी हात जोडले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, किती वर्षांची.

“ही आफिसातली देवी हाय, भाऊ,” कस्तुराबाई म्हणाल्या. “शनिवारी दुपारच्याला अचानक घेऊन आले अन् लगेच माघारी गेले. म्हणाले, तिथं उंदरं लई झालेत. बघा, देवीच्याच मनात व्हतं. त्याच दिवशी आग लागली.”

शेषेरावांनी तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला. एवढ्या टंचाईत मिळालेलं पाणी, ते माठात परत ओता म्हणाले आणि निघाले.

६

हणमंतराव दप्तरातच भेटले. उरलेले बस्ते झटकून ते ओळीनं लावत होते. शेषेरावांनी माणिकप्पाला बाहेर बसायला सांगितलं, नकाशा उचलून मागचा पांढरा चौकोन दाखवला, मग मोकळा खिळा दाखवला, मग तिसरी फळी. घरी देवी पाहून आलो, हेही सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवण्याएवढा जोरच उरला नव्हता.

हणमंतराव हातातला बस्ता घेऊन खाली बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. नवा जिल्हा जाहीर झाला तेव्हा दप्तराची वाटणी दोन दिवसांत उरकायची होती. इकडं मांडव पडलेले, मंत्री यायचे होते. ट्रक भरले, वरून पाऊस. त्या साली पाऊस होता. साहेब म्हणाले, मोजत बसू नका, सही करा. त्यांनी एकशे बारा बस्ते मिळाले म्हणून सही केली. लातुरात उतरवले तर एकशे तीन. नऊ बस्ते कुठं गेले ते परमेश्वराला ठाऊक. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार वर्षं गेली. तिसरी फळी त्यांनी रिकाम्या कापडात रद्दी बांधून भरली आणि कुणी त्यातला कागद मागितला, की उद्या या म्हणून सांगितलं. निलंग्याकडची ती माणसं अकरा वेळा आली आणि अकरा वेळा उद्यावर गेली. शेवटी साहेबांनीच सोमवारची तारीख दिली.

“म्हणून माणिकप्पा टँकरवर गेल्यावर देवी घरी नेऊन ठेवलीत, परत आलात आणि सैल करून ती रद्दी पेटवली,” शेषेराव म्हणाले.

“पेटवली. दोन वर्षं राहिलीत माझी, शेषेराव. पेन्शन जाईल म्हणून भ्यालो.” हणमंतरावांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. “पण घर जाळायचं मनात नव्हतं हो. देवीची आण. हा रंग होता म्हणून तर धीर झाला. लाकूड धरणार नाही, तेवढी फळी जळून विझेल, हे मला ठाऊक होतं. शिवलिंग रंग देत होता तेव्हा मीच त्याच्याजवळ उभा होतो. तीन हात दिले त्यानं. एकेक हात वाळू दिला.”

शेषेरावांना राग येत नव्हता, आणि राग येत नाही याचाच त्यांना राग आला. समोरच्या माणसात ते स्वतःला बघत होते. पन्नास वेळा न मोजता सही केलेला, आज सकाळीही टोपण काढून बसलेला माणूस.

“म्हणजे त्याचा रंग अस्सल आहे, हे अख्ख्या लातुरात सगळ्यांत जास्त तुम्हाला ठाऊक होतं,” ते सावकाश म्हणाले. “त्याच्या कामावर भरवसा ठेवून तुम्ही काडी ओढली. आणि तो भेसळखोर आहे हे लिहिलंतही तुम्हीच.”

हणमंतरावांनी खाली बघतच सांगितलं, की साहेबांनी बोट लावलं, भेसळ म्हणाले, आणि आपण गप्प राहिलो. एवढंच. नंतर लिहा म्हणाले, लिहिलं. सांगायला तोंड उघडत होतो, पण दर खेपेला उद्यावर ढकललं.

“माझी सुटका चार महिन्यांनी, तुमची दोन वर्षांनी,” शेषेराव म्हणाले. “त्याची कधी, हणमंतराव?”

हणमंतराव उठले. टेबलाशी बसून त्यांनी कोरा कागद ओढला. या वेळी अक्षर मोत्यासारखं आलं नाही. पण लिहिताना ते कुठं थांबले नाहीत, आणि खाली सही करण्याआधी त्यांनी सगळं दोनदा वाचून पाहिलं.

७

शिवलिंग गुरुवारी सकाळी सुटला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो आणि शरणम्मा कचेरीत आले तेव्हा शेषेराव आपला अहवाल संपवत होते. गावाच्या विहिरीचा कागद मिळणार नव्हताच. जुन्या जिल्ह्यात ते नऊ बस्ते शोधावेत, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते कुणी शोधणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

शिवलिंगानं दारातूनच खोलीत डोकावून पाहिलं. मग रंगाऱ्यानंच विचारावं असं विचारलं, तुळईला धग लागली का. शेषेराव नाही म्हणाले. तो म्हणाला, एकदा फुगलेला रंग संपला, आता खरवडून पुन्हा तीन हात द्यायला लागतील, नाहीतर पुढच्या वेळी काही खरं नाही. शेषेरावांनी विचारलं, तू देशील का.

“मी?” शिवलिंगानं आपल्या हातांकडं पाहिलं. “पेपरात नाव आलंय, साहेब. माझ्या हातचा रंग आता कोण लावून घेईल?”

शेषेरावांनी अहवाल पुढं धरला आणि महत्त्वाचं वाक्य वाचून दाखवलं. ‘सदर रंगकाम निर्दोष असून त्यामुळेच इमारत वाचली.’ एवढ्या नोकरीत इतकं खरं वाक्य त्यांनी क्वचितच लिहिलं असेल. त्यांना वाटलं, आता या बाईला बरं वाटेल.

शरणम्मा कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकता चांगलं येत होतं.

“ह्याच्यात ह्यांचं नाव कुठं हाय?” ती म्हणाली.

शेषेराव म्हणाले, सदर रंगकाम म्हणजे यांचंच काम, असंच लिहितात.

“धरून नेलं तवा सदर म्हणून नेलं न्हाई, साहेब. ह्यांचं नाव, ह्यांच्या बापाचं नाव, आमचं गाव, समदं लिवलं. चारचौघांत वाचलं. सोडताना सदर?”

शिवलिंग तिला गप्प हो म्हणून खुणावत होता. बाहेर गाडीची वेळ होत आली होती. शेषेरावांनी तो टाइप केलेला स्वच्छ अहवाल टराटरा फाडला आणि टाइपिस्टला परत हाक मारली. मग शिवलिंगाकडं वळून म्हणाले, सांग, बापाचं नाव काय.

शिवलिंगानं नाव सांगितलं, आणि कुणी न विचारता गावाचंही सांगितलं.